गिगाबिटचे पैसे भरता, तर गिगाबिट मोजून घ्या

नागपुरात मोमिनपुरा असो, जाफरनगर असो की टेका, गल्लीगल्लीत आता फायबरची बारीक वायर पोहोचली आहे. मुलांचे नीटचे क्लास, अब्बांचे बँकेचे काम, आखातात नोकरीला गेलेल्या भाईजानचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या एका वायरीवर चालतं. त्यात विकणारा सांगतो, "१ जीबीपीएस घ्या, सगळं पळेल." मोठ्या कंपन्यांचा गिगाबिट प्लॅन महिन्याला ४ हजार रुपयांच्या आसपास पडतो, वर १८ टक्के जीएसटी. वर्षाचे ५६ हजारांच्या वर जातात. एवढ्यात एखाद्या लेकराची शाळेची फी निघते. म्हणून पैसे भरतो तेवढा वेग खरंच घरात येतो का, हे आपल्याला मोजता आलं पाहिजे.

आधी आमची फजिती सांगतो. आमच्या घरी गिगाबिट घेतलं आणि मोजलं तर आकडा ९४. दुसऱ्या दिवशीही ९४. आम्ही इंटरनेटवाल्या पोराला फोनवर बरंच सुनावलं. तो आला, त्याने स्वतःची वायर लावून मोजलं, तर ९३०. दोष आमच्या भिंतीतल्या जुन्या वायरीत होता. त्या पोराची माफी मागावी लागली. तेव्हापासून मोजणीची एक पद्धतच ठरवून घेतली. ती इथे देत आहोत.

आकडा समजून घ्या

इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजेच फक्त १२५ मेगाबाइट. डाउनलोड होताना कॉम्प्युटर "११० मेगाबाइट प्रति सेकंद" दाखवत असेल, तर घाबरू नका, ते जवळपास पूर्ण गिगाबिटच आहे.

दुसरी गोष्ट, पूर्ण १००० कधीच दिसत नाही. प्रत्येक माहितीच्या पाकिटावर पत्ता वगैरे लिहिलेला असतो, त्यातही जागा जाते. साध्या गिगाबिट पोर्टवर हातात ९४० च्या आसपासच येतं. म्हणजे ९०० ते ९४५ दिसलं तर माल पूर्ण मिळाला असं समजा.

तिसरी गोष्ट, जाहिरातीतला "पर्यंत" हा शब्द. "१ जीबीपीएसपर्यंत" म्हणजे सतत तेवढा मिळेलच असं नाही. शिवाय ठराविक जीबी वापरानंतर वेग उतरवण्याची अट असते. ती मर्यादा किती आणि उतरल्यावर वेग किती, हे प्लॅनच्या कागदावर वाचून ठेवा. अपलोडचा आकडाही बघा, काही प्लॅनमध्ये तो डाउनलोडपेक्षा कमी असतो.

मोजण्याआधीची तयारी

गिगाबिट वाय-फायवर मोजू नका. नियम हाच की आधी वायरने मोजायचं.

१. डब्बा आणि पोर्ट. भिंतीतून आलेली फायबर ज्या डब्यात जाते तो ओएनटी. काही डब्यांवर चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकी १०० मेगाबिटचे. गिगाबिटवर बहुधा "जीई" किंवा "१०००" असं छापलेलं असतं. तुमचा वेगळा राउटर असेल तर पहिली मोजणी तो काढून, थेट डब्यावरून करा.

२. वायर. लॅनच्या वायरीच्या अंगावर बारीक अक्षरात "कॅट ५ई" किंवा "कॅट ६" लिहिलेलं असायला हवं. आत ८ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिट मात्र चार तारांवर चालतं. म्हणून एखादी तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही, तर इंटरनेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. आमच्या घरी हेच झालं होतं.

३. कॉम्प्युटर. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क आणि मग इथरनेट उघडा. तिथे लिंक स्पीड १०००/१००० दिसली पाहिजे. १०० दिसली तर पुढे मोजण्यात अर्थ नाही, आधी वायर बदला. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी अडॅप्टर लागतो, पण तो यूएसबी ३ आणि गिगाबिटचा हवा. यूएसबी २ ची स्वतःची मर्यादाच ४८० आहे, हातात त्याहून बरंच कमी येतं.

४. घरातले बाकी सगळे. टीव्ही, मोबाइल, कॅमेरे, कॉम्प्युटरचे अपडेट, सगळं पाच मिनिटं बंद. अम्मीची मालिका चालू असताना घेतलेला आकडा खरा नसतो.

मोजायचं कसं

ऊक्लाचं स्पीडटेस्ट ब्राउझरऐवजी त्यांच्या अॅपमधून चालवा. जुन्या कॉम्प्युटरवर ब्राउझरच दमतो आणि आकडा कमी दाखवतो.

एक सावधगिरी बाळगा. हे टेस्ट माहिती खरोखर ओढतं. गिगाबिटवर १० सेकंदांत सव्वा जीबी जातो, अपलोड धरला तर दुप्पट. मोबाइलच्या डेटावर गंमत म्हणून असं टेस्ट करू नका.

हे टेस्ट बहुतेक वेळा सर्वात जवळचा सर्व्हर आपोआप निवडतं, आणि तो कित्येकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. म्हणजे तुमच्या घरापासून कंपनीच्या फाटकापर्यंतचाच रस्ता मोजला जातो. म्हणून तीन मोजण्या घ्या:

• आपोआप निवडलेला सर्व्हर.
• हाताने निवडलेला, दुसऱ्या कंपनीचा मुंबईतला सर्व्हर.
• फास्ट डॉट कॉम. हे नेटफ्लिक्सचं आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून मोजतं.

पहिला आकडा ९३० आणि बाकी दोन ३०० आले, तर तुमची गल्लीतली वायर चांगली आहे, अडचण कंपनीच्या पुढच्या रस्त्यात आहे. खात्रीसाठी ४ जीबीची एखादी मोठी फाइल, जसं उबुंटूसारखी मोफत सिस्टिम, उतरवून बघा. खऱ्या गिगाबिटवर तिला ३५ सेकंदांच्या आसपास लागतात. मात्र कॉम्प्युटरमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तीच मागे पडते, आणि फाइल देणारा सर्व्हर संथ असला तरीही वेळ लागतो.

एका मोजणीवर निकाल नको

शाळेत आम्ही एका चाचणीवरून मुलाला नापास ठरवत नाही. इथेही तसंच. तीन दिवस, दिवसातून तीनदा मोजा: फजरनंतर, दुपारी जोहरच्या सुमारास आणि रात्री इशानंतर. रमजान असेल तर तरावीहनंतरही एकदा. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ आणि सर्व्हरचं नाव दिसलं पाहिजे.

रात्रीचा आकडा का घसरतो, तेही समजून घ्या. घरोघरी येणाऱ्या फायबरचं प्रचलित तंत्र जीपॉन आहे. त्यात एका मुख्य फायबरवर खाली येणारा वेग साधारण २.५ जीबीपीएस असतो, आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. उन्हाळ्यात सगळ्यांनी एकदम टिल्लू पंप लावले की नळाची धार बारीक होते ना, तसं. थोडी घसरण धरून चालावी. पण रोज रात्री ९०० चे १५० होत असतील, तर कंपनीने एका नळावर जास्त घरं जोडली आहेत किंवा पुढची लाइन कमी घेतली आहे, असं म्हणायला जागा आहे.

आकडा काय सांगतो

• ९०० ते ९४५, वायरवर: सगळं ठीक.
• ९० ते ९५, कायम: वायर, पोर्ट किंवा राउटर १०० चा आहे. दोष बहुधा घरातला.
• ३०० च्या आसपास, कायम: यूएसबी २ चा अडॅप्टर किंवा जुना कॉम्प्युटर तपासा.
• थेट डब्यावर ९००, राउटरवर कमी: राउटर बदला.
• पहाटे ९००, रात्री २००: कंपनीची जबाबदारी.
• वायरवर ९००, मोबाइलवर ५०: वाय-फायचा प्रश्न.

वाय-फायची गोष्ट वेगळी

मोबाइलवर ९०० दिसत नाही म्हणून भांडू नका. वाय-फाय ५ चा साधा फोन ८६६ मेगाबिटवर जोडला जातो, पण हातात राउटरजवळ बसून ५००-६०० येतात. वाय-फाय ६ चा फोन १२०० वर जोडला जातो, त्यातून ७००-८०० मिळू शकतात. भिंत आणि स्लॅब आडवा आला की हे झपाट्याने उतरतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या दाट मोहल्ल्यात एका खोलीत वीस-वीस राउटर दिसतात, तिथे हा पट्टा तुंबणारच. फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडा आणि राउटर कपाटातून काढून मधल्या खोलीत, उंचावर ठेवा. वरच्या मजल्यावर वेग हवा असेल तर सरळ लॅनची वायर ओढून घ्या.

कॉल अडकतो, पण वेग तर ९०० आहे!

मग पिंग बघा. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागलेला वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर धरले तर नागपूर-मुंबई जाऊन येऊन ७ मिलिसेकंद होतात. प्रत्यक्षात वळणं आणि मधली यंत्रं धरून याच्या तीन-चार पट लागले तरी ठीक. शंभराच्या वर जात असेल किंवा सारखी उडत असेल तर आवाज तुटतो, वेग कितीही असो.

आखाताचा कॉल समुद्राखालच्या केबलने जातो, तिथला बिघाड तुमच्या वायरीत शोधू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा भारत, पाकिस्तान आणि आखात, सगळीकडे इंटरनेट मंदावलं होतं.

दोष कंपनीचा निघाला तर

नऊ मोजण्यांचा कागद आणि स्क्रीनशॉट घेऊन आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जा. डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तिथे निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं, त्याला फी नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

आणि शेवटचा हिशेब

नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिट पुरेसे सांगतं. ऑनलाइन क्लासला ५ भरपूर. घरात सहा जण एकाच वेळी ४के बघत बसले तरी ९० होतात. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला ६४ जीबीचं कार्ड अपलोड करायचं असतं. १०० मेगाबिटच्या अपलोडवर त्याला दीड तास लागतो, गिगाबिटवर दहा मिनिटं. त्याने गिगाबिट जरूर घ्यावं. बाकी बहुतेक घरांना १०० ते २०० चा प्लॅन पुरतो.

मापात कमी देणाऱ्यांना कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे, आणि खबर तपासल्याशिवाय कुणावर चालून जाऊ नका ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. इंटरनेटच्या बिलालाही दोन्ही लागू आहेत. तेव्हा या जुम्म्याला फजरनंतर पहिली मोजणी घ्या, आकडा वहीत लिहा, आणि तीन दिवसांनी ठरवा: वायर बदलायची, तक्रार करायची की प्लॅन उतरवायचा.