आधी उसाला, मग लातूरला

१२ एप्रिल २०१६. अजून उजाडलेलं नाही आणि तुम्ही लातूर स्टेशनवर गर्दीत उभे आहात. पाहुण्यांना उतरवून घ्यायला इथे कुणीच आलेलं नाही. सगळे मिरजेहून निघालेल्या पाण्याच्या गाडीची वाट पाहताहेत. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर कापून गाडी येते. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नासेक हजार लिटर पाणी. पाइप जोडले जातात, पाणी जवळच्या विहिरीत पडू लागतं आणि शेजारचा म्हातारा नुसता त्या आवाजाकडे कान लावून उभा राहतो.

आता शहरात या. गल्लीत घागरी, निळे ड्रम, गोडेतेलाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेत, एकेकावर ऑइल पेंटनं आडनाव. तुम्ही विचारता, “मावशी, कव्हापासून थांबलात?”

“रातच्या दोनपासून. पोरगी दुसऱ्या टाकीवर बसलीय. उद्या पेपर हाय तिचा.”

टाकीपाशी पोलीस आहे. मार्चपासून इथे कलम १४४ लागू आहे, पाचापेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. पाण्यासाठी जमावबंदी! माणसं तहानेनं एकमेकांच्या अंगावर जातील, ही भीती सरकारनं कागदावर मान्य केली होती.

चार महिने मागे चला. हिवाळा आहे. धनेगावला मांजरा धरणाच्या भिंतीवरून खाली बघा: गाळाला भेगा पडल्यात. आणि याच मांजरा पट्ट्यातल्या रस्त्यांवर उसानं लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्यांकडे चालल्यात. गाळप सुरू आहे. एक किलो साखरेमागे महाराष्ट्रात दोन हजार लिटरच्या वर पाणी लागतं. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय की राज्यातल्या चार टक्क्यांहून कमी पिकाखालच्या जमिनीवरचा ऊस सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी पितो.

ट्रॉलीवरच्या शेतकऱ्याला दोष देऊ नका. सोयाबीनचा भाव पडला तर त्याला वाली नाही, उसाला निदान ठरलेला दर आहे. दोष ज्यांनी कारखान्यांना परवाने दिले आणि धरणातल्या पाण्याचा हिशेब दडवला त्यांचा.

आणखी मागे जाऊ, १९९९ ला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाचा अहवाल तुमच्यासमोर आहे. तुटीच्या खोऱ्यांत उसासारखी पाणीखाऊ पिकं नकोत, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. म्हणजे लातूरला गाडी येण्याआधी सतरा वर्षं राज्याला सगळं ठाऊक होतं.

पुन्हा २०१६. गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, तुम्ही मुंबई उच्च न्यायालयात आहात. मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्ध ‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेनं केलेल्या जनहित याचिकेवर न्यायालय आदेश देतं: ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्या. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठ मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्यानं साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगतं. माणसं आधी की बिअर, हे ठरवायला सामान्य माणसांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ती चढणाऱ्यांचं ऋण मराठवाड्यानं विसरू नये.

त्या वर्षी परतीच्या पावसानं मांजरा भरलं, आणि राग पाण्याबरोबर वाहून गेला.

शेवटचा मुक्काम नांदेड, २०१८. गोदावरीच्या घाटावर उभे राहा. इथे पाणी आहे, पण शहराचे नाले त्यात उतरतात, आणि त्या वासातच आजी ओंजळ भरून सूर्याला अर्घ्य देते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या त्या वर्षीच्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे आहेत. सर्वाधिक, ५३, महाराष्ट्रातले. नाशिकच्या सोमेश्वर मंदिरापासून नांदेड जिल्ह्यातल्या राहेरपर्यंतची गोदावरी त्यातल्या सर्वात वाईट गटात आहे. लातूरला पाणी पळवलं गेलं, नांदेडला नासवलं गेलं. दोन्हीकडे विचारणारं कुणी नव्हतं म्हणूनच ते जमलं.

आता आपल्या काळात परत या. धरणातलं पाणी कुणाला किती द्यायचं हे दरवर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तुमच्या धरणाची बैठक कधी झाली आणि पिण्याला, उसाला, कारखान्यांना किती पाणी लिहिलं गेलं, हे पाटबंधारे खात्याकडे लेखी मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.