आधी संकेतस्थळ, मग धोरण

ब्रिटनच्या सरकारने आपलं डिजिटल धोरण 2012 च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केलं. ते ज्या कामाच्या जोरावर लिहिलं गेलं, ते जीओव्ही डॉट यूके हे संकेतस्थळ मात्र त्याआधी जवळपास तीन आठवडे, 17 ऑक्टोबरला, लोकांसाठी खुलं झालं होतं. आधी चालती वस्तू, मग धोरणाचा कागद. सॉफ्टवेअरच्या धंद्यात उमेदीची सगळी वर्षं घालवलेल्या माझ्यासारखीला हा क्रम फार मोलाचा वाटतो, कारण आम्ही आयुष्यभर नेमकं उलटं केलेलं पाहिलं.

पुण्यात आमच्याकडे काम यायचं ते जाडजूड रिक्वायरमेंट डॉक्युमेंटच्या रूपात. त्याच्या पानापानावर सह्या. शेवटची सही झाली की स्कोप फ्रीज. पुढे कुणाला काही सुचलंच, तर चेंज रिक्वेस्ट आणि तिचे वेगळे पैसे. यूएटीला, म्हणजे शेवटच्या चाचणीला, बसायचे तेही ग्राहकाच्या कार्यालयातलेच अधिकारी. जो माणूस पुढे रोज तो फॉर्म भरणार, तो आमच्या एकाही मीटिंगमध्ये नसायचा. मी बिझनेस अॅनालिस्ट होते. वापरणाऱ्याची गरज लिहून काढणं हेच माझं काम, आणि ती गरज माझ्यापर्यंत चार साहेबांच्या तोंडून यायची.

या रीतीला वॉटरफॉल म्हणतात. तिची ती प्रसिद्ध पायऱ्यापायऱ्यांची आकृती विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या निबंधातून आली. त्याच निबंधात त्यांनी सांगून ठेवलं होतं, की एका पायरीवरून दुसरीवर असं सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे. जगाने आकृती उचलली आणि इशारा तिथेच राहिला. पुढे फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत यूटातल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. छोट्या टप्प्यांत काम करा, चालतं सॉफ्टवेअर लवकर दाखवा, बदलाला घाबरू नका, असा त्याचा सारांश. खाजगी कंपन्यांनी तो पटापट उचलला. सरकारं मात्र मोठमोठी कंत्राटंच काढत राहिली.

त्याची किंमत ब्रिटनने चांगलीच मोजली. तिथल्या आरोग्यसेवेचं संगणकीकरण 2002 मध्ये सुरू झालं, खर्चाचा अंदाज 11-12 अब्ज पौंडांवर गेला, आणि सप्टेंबर 2011 मध्ये सरकारने तो कार्यक्रम मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं.

त्याच सुमारास लास्टमिनिट डॉट कॉमच्या सहसंस्थापक मार्था लेन फॉक्स यांना डायरेक्टगव्ह या सरकारी संकेतस्थळाचा आढावा घ्यायला सांगितलं गेलं. त्यांनी मंत्री फ्रान्सिस मॉड यांना दिलेला सल्ला नोव्हेंबर 2010 मध्ये जाहीर झाला. हळूहळू डागडुजी करून भागणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. खात्याखात्यांची वेगळी दुकानं बंद करा, एकच पत्ता ठेवा, आणि लोकांना समोर काय दिसावं हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार मध्यवर्ती चमूला द्या. ही शेवटची शिफारस मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अधिकाराशिवाय अजाइल म्हणजे रोज सकाळी उभ्याउभ्या घेतलेली बैठक, दुसरं काही नाही.

या सल्ल्यावर समित्या बसल्या नाहीत. टॉम लूजमोर यांच्या नेतृत्वाखाली लहानसा चमू कामाला लागला आणि सुमारे बारा आठवड्यांत, 2 लाख 61 हजार पौंडांत, नमुना तयार झाला. त्याचं नाव अल्फागव्ह. मे 2011 मध्ये हे अर्धंकच्चं काम त्यांनी सरळ जनतेपुढे ठेवलं आणि म्हटलं, बघा, काय चुकतंय ते सांगा. सरकारी माणसाला हे किती जड गेलं असेल याची कल्पना आमच्या धंद्यातल्या कुणालाही करता येईल. त्यानंतर गार्डियन वृत्तपत्रातून माइक ब्रॅकन आले, गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस उभी राहिली, 2012 च्या सुरुवातीला बीटा आवृत्ती निघाली.

त्यांनी नेमकं काय केलं, हे एका पानावर बघा. ब्रिटनमध्ये बँक हॉलिडे कधी आहे, हा लोकांचा अगदी नेहमीचा प्रश्न. सरकारी लेखनाची सवय अशी, की आधी सुट्ट्यांची कायदेशीर पार्श्वभूमी सांगायची, मग तारखांकडे वळायचं. नव्या पानावर वरच, ठळक मोठ्या अक्षरांत, पुढची सुट्टी आणि तिची तारीख. तिच्याखाली यादी. इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड वेगवेगळे, कारण 2 जानेवारीची सुट्टी स्कॉटलंडला असते आणि 17 मार्चची उत्तर आयर्लंडला. बस. माणूस येतो, तारीख बघतो आणि जातो. सुट्टीच्या दिवशी त्याच पानावर पताकांची माळ लागते, तेवढीच काय ती सजावट.

असं पान सुचायला हुशारी लागत नाही, गाळण्याची हिंमत लागते. गाळायचं काय हे ठरवण्यासाठी त्यांनी नीडोट्रॉन नावाचं एक साधं साधन बनवलं. त्यात एकेक गरज नोंदवायची : मी अमुक आहे, मला तमुक हवंय, म्हणजे मला ढमुक करता येईल. ज्या मजकुराला अशी गरज चिकटवता येत नाही, त्याला जागा नाही. मग तो कितीही मोठ्या साहेबाने लिहिलेला असो. एप्रिल 2012 मध्ये त्यांनी आपली दहा तत्त्वं जाहीर केली. पहिलं तत्त्व गरजेपासून सुरुवात करा असं, आणि त्याच्यापाठोपाठचं, कमी करा.

अक्षरांचीही एक गोष्ट आहे. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी ट्रान्सपोर्ट नावाचं अक्षरवळण घडवलं होतं. धावत्या गाडीतून क्षणात वाचता यावं, एवढाच त्याचा हेतू. अर्धशतकाने नव्या संकेतस्थळासाठी त्याच वळणाची सुधारित आवृत्ती घेतली गेली आणि त्या कामात स्वतः कॅल्व्हर्ट होत्या. 2013 मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातलं उत्कृष्ट डिझाइन म्हणून या साध्यासुध्या संकेतस्थळाची निवड केली. स्पर्धेत शार्डची गगनचुंबी इमारत आणि लंडन ऑलिम्पिकचं ज्योतीचं कुंडही होतं. 2014 संपेपर्यंत तीनशेहून अधिक सरकारी संस्था या एकाच पत्त्यावर आल्या.

याच चमूच्या हातून पुढे व्हेरिफाय निघालं, आणि तेही सांगितलंच पाहिजे. नागरिकांची ऑनलाइन ओळख पटवणारी ही सेवा. 2020 पर्यंत अडीच कोटी लोक ती वापरतील असं लक्ष्य होतं. फेब्रुवारी 2019 पर्यंत 36 लाखांच्या आसपास आले, आणि ओळख पटवू पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांचीही पटत नव्हती. स्टँड-अप, स्प्रिंट, बॅकलॉग, भिंतीवरच्या चिठ्ठ्या, अजाइलचं हे सगळं या लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण मोठी खाती त्या सेवेला पुरती जोडली गेली नाहीत, काहींनी आपली वेगळी सोय चालू ठेवली. 2023 मध्ये व्हेरिफाय बंद झालं. सुट्टीची तारीख माणूस स्वतः शोधत येतो. स्वतःची ओळख पटवून घ्यायला मात्र कुणी हौसेने येत नाही, ती गरज सरकारची असते. माझ्या मते हा फरक पद्धतीपेक्षा मोठा ठरला.

या सगळ्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे. चमूतल्या प्रत्येकाने, फक्त संशोधकाने नव्हे, दर सहा आठवड्यांत निदान दोन तास खऱ्या माणसाला ती सेवा वापरताना बघावं. मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही. तो कुठे अडतो, कुठे मागे जातो, कुठला शब्द दोनदा वाचतो, तेवढं बघायचं. माणूस सेवा वापरत असताना कोड लिहिणारा तिथे हजर असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडेही महापालिकांपासून मंत्रालयापर्यंत डिजिटल धोरणांचे मसुदे लिहिले जातात. त्या समित्यांवर बसणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. मसुद्याचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी जवळच्या सेतू केंद्राच्या खिडकीपाशी दोन तास उभे राहा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या बाईंना कोणता कागद आणायला परत घरी पाठवलं जातं, ते लिहून घ्या. तुमच्या धोरणाचं पहिलं कलम तेच असू द्या.