खापरावरील ठसा आणि खापराची माती : प्रकाशे येथील मृद्भांड्यांच्या ओळखीचा प्रश्न

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावरील प्रकाशे हे स्थळ आज नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यात मोडते. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने तेथील पांढरीचे उत्खनन केले, तेव्हा हा प्रदेश पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. उत्खननात वस्तीचे चार कालखंड आढळले. पहिला ताम्रपाषाणयुगीन, दुसरा लोखंडाचा व काळ्या-तांबड्या भांड्यांचा, तिसरा आद्य ऐतिहासिक, चौथा पूर्वमध्ययुगीन. हा सर्व कालक्रम मुख्यत्वे खापरांच्या आधारे उभा आहे. मग ही भांडी कोणी घडविली, आणि ती येथलीच की बाहेरून आलेली, हा प्रश्न क्रमप्राप्त ठरतो. परंतु प्रकाशे येथील कुंभाराने आपल्या भांड्यावर नाव कोरलेले नाही. जेथे कर्त्याचे नाव नाही तेथे कर्त्याचा शोध कसा घ्यावा, हे ठरविण्यासाठी जेथे नाव आहे अशा एका उदाहरणाकडे प्रथम पाहणे उपयुक्त होईल.

असे उदाहरण प्राचीन इटलीचे होय. मध्य इटलीतील अरेत्झो या नगरात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तांबड्या, तकतकीत लेपाची भांडी बनविण्याचा मोठा उद्योग उदयास आला. या भांड्यांस अरेटाइन असे म्हणतात. ताटलीच्या किंवा वाटीच्या आतील तळाशी, माती ओली असतानाच, कारखानदाराच्या अथवा त्याच्या दास-कारागिराच्या नावाचा लहानसा ठसा उमटविला जाई. आरंभी ठशाची चौकट आयताकृती असे; पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ती पाऊलखुणेच्या आकाराची झाली. यामुळे नाव आणि चौकट या दोहोंवरून भांड्याचा काळ बऱ्याच अंशी सांगता येतो.

या ठशांचे महत्त्व भारताच्या इतिहासासही कळून आले. पुदुच्चेरीनजीक अरिकमेडू येथे १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी केलेल्या उत्खननात विबिए, कामुरि आणि इत्ता अशी अक्षरे असलेली अरेटाइन खापरे उपलब्ध झाली. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातील असल्याने त्यांच्यासोबत सापडलेल्या भारतीय भांड्यांचाही काळ बांधता आला. दक्षिण भारताच्या पुरातत्त्वास निश्चित कालबिंदू मिळाला तो या चिमुकल्या ठशांमुळे.

तथापि ठशाच्या साक्षीस दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा इटलीतच दिसून आली. आतेइयुस या नावाचा ठसा अरेत्झो, पीसा आणि आजच्या फ्रान्समधील ल्यों अशा तिन्ही ठिकाणच्या भांड्यांवर आढळतो. एकाच मालकाच्या शाखा दूरदूर पसरलेल्या होत्या. नाव एकच, पण माती निरनिराळी; आणि कोणते भांडे कोठले, हे मातीच्या रासायनिक पृथक्करणानेच उलगडले. दुसरी मर्यादा अरिकमेडूची. तेथील रूलेटेड भांड्यांवर, म्हणजे आतील तळाशी बारीक दंतुर रेघांची वर्तुळे असलेल्या ताटल्यांवर, कर्त्याचा ठसा नव्हता. तरीही ठसांकित खापरांच्या सहवासामुळे व नक्षीच्या साम्यामुळे व्हीलर यांनी या प्रकाराचे मूळ भूमध्य सागराच्या प्रदेशात मानले. पुढील संशोधनाने ही भांडी भारतीय ठरविली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील विश्वास गोगटे यांनी १९९७ मध्ये क्ष-किरण विवर्तनाच्या आधारे त्यांचे मूळ बंगालमध्ये सुचविले. नेमक्या स्थानाविषयी मतभेद राहिले, परंतु ती भारतातच बनली याविषयी मात्र शंका उरली नाही. अरिकमेडूच्या वस्तीचा आरंभही व्हीलर यांनी मानला त्याहून बराच मागे न्यावा लागला. पश्चिम भारतातील ज्या कित्येक खापरांस रोमन मद्यकुंभ समजले जाई, तीही पुढे मेसोपोटेमियातून आलेल्या, आतून डांबर लावलेल्या रांजणांची निघाली. याउलट नेपल्सच्या उपसागराकाठचे खरे मद्यकुंभ त्यांच्या मातीतील ज्वालामुखीच्या काळ्या कणांवरून, ठसा नसतानाही, ओळखता येतात.

भारतीय भांड्यांवर खुणा मुळीच नाहीत असे नव्हे. ताम्रपाषाणयुगीन व महापाषाणयुगीन भांड्यांवर त्रिशूळ, बाण, शिडी यांसारख्या आकृती कोरलेल्या आढळतात. बी. बी. लाल यांनी १९६० साली त्यांचा तौलनिक अभ्यास करून महापाषाणयुगीन खुणांपैकी बहुसंख्य खुणा हडप्पा व ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेता येतात, असे दाखविले. परंतु येथे एक भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. भाजण्यापूर्वी ओल्या मातीत उमटविलेली खूण भट्टीच्या अलीकडची, म्हणजे कुंभाराकडची असते. तिच्या रेघेच्या कडेला माती किंचित वर आलेली दिसते. भाजल्यानंतर ओरखडलेली खूण वापरणाऱ्याची असू शकते. तिच्या कडा ठिसूळ व तुटक असतात, आणि रेघेत लेप खरवडला जाऊन आतील माती उघडी पडते. हा भेद न पाहता अशा खुणांस कर्त्याची मुद्रा मानणे म्हणजे घरमालकाच्या नावाची पाटी वाचून गवंड्याचे नाव सांगण्यासारखे आहे.

या कसोट्या प्रकाशे येथील पहिल्या कालखंडास लावून पाहाव्यात. त्याच्या पूर्वार्धात माळवा पद्धतीची चित्रित भांडी आहेत. उत्तरार्धात जोर्वे पद्धतीची भांडी येतात आणि त्यांच्याबरोबर गुजरातेत रंगपूर येथे प्रसिद्धीस आलेली चकाकीची तांबडी भांडीही मिळतात. जोर्वे हे प्रवरेच्या खोऱ्यातील गाव. तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाल्यावर या पद्धतीस हे नाव मिळाले. म्हणून ‘जोर्वे’ ही संज्ञा शोधाचे स्थान सांगते, निर्मितीचे नव्हे. प्रकाशे येथील जोर्वे भांडे दक्षिणेकडून आलेल्या कुंभाराने तापीच्या गाळातून घडविले, स्थानिक कुंभाराने ती रीत उचलली, की भांडेच वाटसरूंबरोबर आले, या तीन शक्यता आकार व नक्षी यांवरून वेगळ्या करता येत नाहीत. त्यांवरून एखाद्या जनसमूहाचे स्थलांतर गृहीत धरणे तर अधिकच धोक्याचे होय.

हा निर्णय मातीकडूनच मागावा लागेल, आणि तोही सहज मिळणारा नाही. तापी, गोदावरी व प्रवरा या तिन्ही नद्यांच्या गाळात दख्खनच्या काळ्या पाषाणाचा मोठा अंश असल्याने त्यांच्या मातीत साम्य असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच खापराचा पातळ छेद, मातीतील मिश्रणद्रव्य, भाजणीची रीत आणि त्या त्या नदीकाठच्या मातीचे नमुने यांचा एकत्र विचार आवश्यक ठरतो. तसेच थराची नोंद नसलेले, पांढरीवरून सहज उचललेले खापर कितीही सुंदर असले तरी या कामी त्याची साक्ष दुबळी राहते.

अरेत्झोच्या कारखानदाराने आपले नाव लिहून ठेवले, तरीही त्याची खरी ओळख पटविण्यास अखेर मातीचीच साक्ष काढावी लागली. तापीकाठच्या कुंभाराने नाव ठेवले नाही. पण त्याने निवडलेली माती, तीत मिसळलेला भुसा वा वाळू, आणि भट्टीत दिलेली आच ही त्याच्या हाताची खूण प्रत्येक खापरात टिकून आहे. ती वाचण्यापूर्वी त्यास वंशाचे वा देशाचे नाव देण्याची घाई न करणे, हेच खानदेशच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासकास श्रेयस्कर होय.