बांधकामावरील वाहन अपघात : पेण-रोह्याच्या कामगारांनी काय जाणून घ्यावे

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले. पेण तालुक्यातील वडखळ आणि रोहा तालुक्यातील नागोठणे, कोलाड ही गावे याच टप्प्यात येतात. अशा कामावर एका बाजूला चालू वाहतूक, दुसऱ्या बाजूला डंपर, रोलर, पोकलेन आणि मधल्या पट्ट्यात बिगारी कामगार असतात. वाहनाखाली सापडलेल्या कामगाराची नोंद नुसती ‘रस्ता अपघात’ अशी झाली, की तो कामावर होता हे पटवून देताना घरच्यांची दमछाक होते.

अपघात कसे होतात?

डंपर मागे घेताना थेट पाठीमागचा माणूस चालकाला आरशात दिसत नाही. वाकून खडी पसरणाऱ्याला यंत्रांच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही. पोकलेन वळताना त्याचा मागचा भाग फिरतो आणि यंत्र व भिंत यांच्यामध्ये माणूस चिरडतो. पावसाळ्यात भरावाची कड खचून वाहन उलटते. उचललेला हौदा वीजतारेला लागतो.

बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याखालील नियमांनी अशा वाहनांना मागे येताना वाजणारा भोंगा, मागचे दिवे आणि हातब्रेक बंधनकारक केले.

भरपाईचा हक्क

मालकाची चूक सिद्ध न करताही कामावरील इजेची भरपाई मागता येते. हे तत्त्व 1923 च्या कायद्याचे असून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही ते कायम आहे. ठेकेदाराने हात वर केले तर मुख्य मालकाकडे दावा करता येतो. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्गही आहे, पण दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो.

याशिवाय राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजनेत नोंदित कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसांना 5 लाख, तर 75 टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास 2 लाख रुपये आहेत. वय 18 ते 60 आणि मागील वर्षात 90 दिवस काम ही नोंदणीची अट आहे. नोंदणी अपघाताआधीच केलेली हवी.

अपघात झाल्यावर

1. वाहनाचा नंबर आणि जागेचे फोटो लगेच घ्या.
2. दवाखान्याच्या कागदावर ‘कामावर असताना इजा’ असे लिहून घ्या.
3. पंचनाम्यात ठेकेदाराचे व मुख्य कंपनीचे नाव येऊ द्या.
4. सोबतच्या दोन कामगारांची नावे, गाव आणि मोबाईल नंबर टिपून ठेवा. काम संपले की तेही गावी निघून जातात.
5. वाचून दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.