गोंयचे सोडवणेचो आवाज

गोंयचे सोडवणेचो आवाज (पोर्तुगीज नाव: व्होज द लिबेर्दाद, म्हणजे 'स्वातंत्र्याचा आवाज') हे गोवा मुक्तिसंग्रामाच्या काळातील भूमिगत नभोवाणी केंद्र होते. पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यातील श्रोत्यांसाठी भारताच्या हद्दीतून त्याचे प्रक्षेपण कोकणी व पोर्तुगीज या दोन भाषांत होत असे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते १९५५ ते १९६१ या काळात चालविले.

पार्श्वभूमी

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला, तरी गोवा, दमण व दीव हे प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात राहिले. सालाझार यांच्या राजवटीत सभाबंदी होती व वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला व त्यात अनेकांचा मृत्यू झाला. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. बाहेरील वृत्त गोमंतकीयांपर्यंत पोहोचविण्याचे मार्ग अधिकच आक्रसले. छापील मजकूर सीमेवर अडविता येत असे. ध्वनिलहरींना तसा अटकाव करणे कठीण होते.

कार्य

केंद्राचे प्रक्षेपण २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू झाले. आरंभी ते आंबोलीच्या जंगलात होते. पुढे ते कॅसलरॉक परिसरात हलविण्यात आले. सह्याद्रीतील ही दोन्ही ठिकाणे गोव्याच्या सीमेलगत आहेत. पोर्तुगीज सरकारच्या प्रचाराचे खंडन करणे, मुक्तिलढ्याची व जगातील इतर वसाहतविरोधी चळवळींची माहिती देणे आणि लोकांचे मनोधैर्य टिकविणे हे प्रक्षेपणाचे मुख्य हेतू होते. कोकणीमुळे ते सामान्य जनतेपर्यंत पोहोचत असे, तर पोर्तुगीजमधील भाग शिक्षित वर्ग व खुद्द राज्यकर्ते यांना उद्देशून असे. हे काम करणाऱ्यांना अनेक वर्षे घरापासून दूर अरण्यात राहावे लागले.

अखेर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या दिवशी सरदेसाई व लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकाद्वारे मुक्तीची वार्ता गोमंतकीयांना दिली व पत्रकेही टाकली. उद्दिष्ट साध्य झाल्याने केंद्राचे कार्य संपले. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाच्या शंभरीनंतर, पद्मश्री जाहीर झाली.

तत्सम उदाहरणे

१९४२ च्या चळवळीत उषा मेहता व सहकाऱ्यांनी मुंबईत चालविलेले काँग्रेस रेडिओ हे याचे पूर्वसूरी होय. मात्र ते ब्रिटिश अमलाखालील शहरातच लपून चाले. गोव्याचे केंद्र सीमेबाहेरून बोलत असे. अलीकडच्या काळात इराणमधील निर्वासित विरोधी गटांनी परदेशातून चालविलेल्या फारसी उपग्रह दूरचित्रवाहिन्या हे याच प्रकारचे उदाहरण आहे.