काठावरून बास मासेमारी

काठावरून बास मासेमारी म्हणजे होडी न वापरता तळे, जलाशय, कालवा किंवा नदी यांच्या काठावरून, दगडी बांधावरून अथवा धक्क्यावरून गळ टाकून ब्लॅक बास हे गोड्या पाण्यातील मासे पकडणे होय. हा छंद मूळचा उत्तर अमेरिकेतील असून अमेरिकेची संयुक्त संस्थाने व दक्षिण कॅनडा येथे तो विशेष रूढ आहे. वेगवान होड्या व महागडी उपकरणे यांमुळे या छंदाला खर्चिक समजले जात असले, तरी नवशिक्या व्यक्तीस तो एक काठी, एक रीळ आणि मोजकी आमिषे यांवर शिकता येतो. बास हा वर्षाचा बराच काळ उथळ पाण्यात, काठालगतच्या आडोशात वावरतो. त्यामुळे काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या आवाक्यातील पाण्यातही तो सापडतो.

मासा व त्याचे नाव

ब्लॅक बास हे सनफिश कुलातील मायक्रोप्टेरस प्रजातीचे मासे होत. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०२ मध्ये हे नाव दिले. त्याचा अर्थ 'लहान पर असलेला' असा होतो. त्यांच्यासमोरील नमुन्याच्या पाठीवरील पर फाटलेला होता व त्याचा सुटा भाग त्यांना स्वतंत्र लहान पर वाटला, असे नंतर लक्षात आले. या प्रजातीतील लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, आणि स्मॉलमाउथ, म्हणजे लहान तोंडाचा बास, हे दोन मासे गळकऱ्यांना सर्वाधिक परिचित आहेत. तोंड मिटलेले असताना वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्या मागेपर्यंत जात असेल, तर तो लार्जमाउथ समजावा. त्याच्या हिरवट अंगावर बहुधा एक गडद आडवा पट्टा असतो. अलाबामा, जॉर्जिया व मिसिसिपी या राज्यांनी लार्जमाउथला राज्यमाशाचा दर्जा दिला आहे.

'बास' हे नाव अनेक भिन्न माशांना लावले जाते. कोकण किनाऱ्यावरील जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, तो इंग्रजीत आशियाई सी बास म्हणून ओळखला जातो. मात्र त्याचे कुल वेगळे असून तो समुद्रात व खाड्यांत राहतो. प्रस्तुत लेखातील माहिती त्याला लागू नाही.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर धरणे बांधली गेली. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या जलाशयांसारख्या नव्या पाणीसाठ्यांत बास चांगला रुजला. त्याच दशकात अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेततळ्यांतील मत्स्यपालनाचा अभ्यास सुरू केला. ब्लूगिल हा लहान मासा आणि त्याला खाणारा बास यांची योग्य प्रमाणात जोडी सोडल्यास तळ्यात समतोल राहतो, हे त्यातून पुढे आले. अशा शेततळ्यांमुळे होडी नसलेल्या असंख्य लोकांना घराजवळच बास उपलब्ध झाला.

साधनांतील दोन बदलही नवशिक्यांच्या पथ्यावर पडले. १९४९ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथील निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ तयार केला. त्याच वर्षी तेलविहिरींसाठी स्फोटके बनवणाऱ्या तुल्सा येथील झिरो अवर बॉम्ब कंपनीने झाकणबंद रीळ विकण्यास आरंभ केला. त्या कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच पुढे 'झेबको' हे नाव रूढ झाले. १९६८ मध्ये रे स्कॉट यांनी बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी ही संस्था स्थापन केली. १९७२ पासून त्यांनी आपल्या स्पर्धांतून पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याचा आग्रह धरला व ही प्रथा सर्वसामान्य गळकऱ्यांतही पसरली.

साधने

नवशिक्यासाठी सामान्यतः स्पिनिंग प्रकारची काठी व रीळ सुचवले जाते. काठीची लांबी साडेसहा ते सात फूट, ताकद मध्यम आणि लवचीकता मुख्यतः टोकाकडे असावी. रिळाचा २५०० किंवा ३००० हा आकार पुरेसा होतो. आडव्या फिरकीचे बेटकास्टिंग रीळ अचूक असले, तरी आमिष मंदावल्यावरही फिरकी फिरत राहिल्यास दोऱ्याचा गुंता होतो. म्हणून ते नंतर शिकणे सोयीचे ठरते.

दोऱ्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. नायलॉनचा एकेरी दोरा, म्हणजे तंगूस, स्वस्त, ताणला जाणारा व गाठीस सोपा असतो. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात कमी दिसतो व बुडतो. विणलेला दोरा बारीक असूनही अतिशय मजबूत असून दाट पाणवनस्पतींत उपयोगी पडतो. सुरुवातीस ८ ते १० पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन ते साडेचार किलो ताण सोसणारा तंगूस पुरतो. गळ बांधण्यासाठी पालोमार गाठ शिकावी. ती सोपी व भरवशाची असते. आवळण्यापूर्वी गाठ ओली केल्यास घर्षणाच्या उष्णतेने दोरा कमकुवत होत नाही.

काठावर चालत राहायचे असल्याने सामान खांद्यावरील एका पिशवीत मावेल इतकेच असावे. लांब टोकाची पक्कड, दोरा कापण्याची कात्री, मोजपट्टी व पाण्यावरील चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा या वस्तू उपयुक्त ठरतात. चष्म्याने डोळ्यांचे गळापासून रक्षणही होते.

आमिषे व त्यांची मांडणी

काठालगत झाडोरा, फांद्या व दगड असल्याने गळ अडकणे ही नवशिक्याची मुख्य अडचण असते. टेक्सास रिग ही मांडणी त्यासाठीच सोयीची आहे. तीत दोऱ्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन ओवतात व टोकास वाकडा गळ बांधतात. प्लॅस्टिकच्या गांडुळाच्या डोक्यातून गळ थोडासा आरपार काढून वळवतात आणि त्याचे टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात दडवतात. टोक उघडे नसल्याने आमिष झाडोऱ्यातून सहज निसटते.

वॅकी रिगमध्ये गळ गांडुळाच्या मधोमध टोचतात. वजन न लावता सोडलेले हे आमिष दोन्ही टोके हलवत सावकाश बुडते व स्वच्छ, शांत पाण्यात प्रभावी ठरते. गढूळ पाण्यात किंवा वाऱ्याच्या दिवशी चकाकणारे पाते फिरवणारे स्पिनरबेट वापरतात, कारण त्याची कंपने माशाला दुरून जाणवतात. कमळाच्या पानांवरून प्लॅस्टिकचा पोकळ बेडूक ओढला जातो. या चार आमिषांवर नवशिक्याचा पहिला हंगाम निभावतो.

काठ वाचणे

बास हा दबा धरून शिकार करणारा मासा आहे. तो आडोशात किंवा सावलीत थांबतो आणि समोरून जाणारे लहान मासे, बेडूक व झिंग्यासारखे दिसणारे क्रेफिश टिपतो. म्हणून काठाचा ज्या ठिकाणी पोत बदलतो, तेथे प्रथम लक्ष द्यावे. पाणकणसाच्या बेटाची कड, पाण्यात पडलेले झाड, धक्क्याखालील सावली, बांधावरील दगडी पिचिंग, मोरीचे तोंड आणि वाळू संपून खडी सुरू होण्याची रेषा ही त्याची उदाहरणे होत.

पाण्यात शक्य तितके दूर आमिष फेकणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. त्यात पायाजवळचे उत्तम पाणी वाया जाते. माशाच्या अंगावरील पार्श्वरेखा हे इंद्रिय पाण्यातील कंपने टिपते, त्यामुळे काठावर धपधप पावले टाकल्यास जवळचा मासा पळतो. काठापासून दोन-तीन मीटर मागे थांबून पहिली फेक जवळच्या पाण्यात करावी. नंतर काठाला समांतर फेक करावी. अशी फेक ओढताना आमिष संपूर्ण वेळ माशाच्या वावराच्या पट्ट्यात राहते. त्यानंतर पंख्याच्या पात्यांप्रमाणे दिशा बदलत मोकळे पाणी तपासावे. काही फेकी रिकाम्या गेल्यास पुढे सरकावे.

प्लॅस्टिकचे आमिष बुडत असतानाच मासा ते बहुधा घेतो. अशा वेळी हाताला ठोका जाणवेलच असे नाही. दोरा बाजूला सरकतो किंवा अकाली सैल पडतो. म्हणून नजर दोऱ्यावर ठेवणे हे या छंदातील महत्त्वाचे कौशल्य मानले जाते.

ऋतू व वेळ

वसंतात पाण्याचे तापमान १६ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की बास विणीसाठी उथळ पाण्यात येतो. नर शेपटीने तळ झाडून खळगे करतो, मादी त्यात अंडी घालते आणि पुढे अंडी व पिल्ले यांची राखण एकटा नर करतो. या काळात तो काठावरून डोळ्यांनी दिसतो व जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर धावून जात असल्याने सहज गळाला लागतो. मात्र नर दूर होताच ब्लूगिलसारखे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करू शकतात. याच कारणाने कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील अनेक भागांत वसंतात बासच्या मासेमारीस बंदी असते. कायद्याने मुभा असेल तेथेही घरट्यावरील माशाला न छेडणे अनेक गळकरी श्रेयस्कर मानतात.

उन्हाळ्यात पहाट व संध्याकाळ अनुकूल असते. भर दुपारी मासा सावलीत किंवा खोल पाण्यात जातो. शरदात तो लहान माशांच्या थव्यांमागे पुन्हा काठाकडे येतो. हिवाळ्यात मोठ्या जलाशयांतील बास बहुधा काठाच्या आवाक्याबाहेर असतो. त्या वेळी लहान तळी अधिक उपयोगी ठरतात, कारण तेथील खोल भागही फेकीच्या टप्प्यात येतो.

मासा हाताळणे

मासा सोडून द्यायचा असल्यास तो फार दमवू नये व शक्य तितका कमी वेळ पाण्याबाहेर ठेवावा. कोरड्या हातांनी किंवा मातीवर टाकल्याने अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो, म्हणून हात ओले करावेत. खालचा ओठ अंगठा व बोटांत धरून, मोठ्या माशाच्या पोटाखाली दुसरा हात देऊन तो आडवा धरावा. केवळ जबड्यावर तिरपा लोंबकळत ठेवल्यास जबड्यास इजा होऊ शकते. गळ घशात खोल गेला असेल, तर तो ओढून काढण्यापेक्षा दोरा जवळून कापणे बहुधा कमी घातक असते. उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला गळ माशाच्या तोंडातून व गळकऱ्याच्या बोटातूनही सहज निघतो.

नियम व सुरक्षितता

अमेरिकेत मासेमारीचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. परराज्यातील व परदेशी पाहुण्यांसाठी बहुधा वेगळे शुल्क असते. माशाची किमान लांबी व दिवसाची कमाल संख्या पाण्यानुसार बदलते. खासगी शेततळ्यासाठी मालकाची परवानगी लागते. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या बहुतांश साधनांवर १० टक्के अबकारी कर घेतला जातो व ती रक्कम मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना वाटली जाते.

शिशाची लहान वजने गिळल्याने लून या पाणपक्ष्याला विषबाधा होते. न्यू हॅम्पशायर, मेन व व्हरमाँट येथे अशा वजनांवर निर्बंध असून टंगस्टन किंवा पोलादाची वजने हा पर्याय आहे. तुटलेला दोरा काठावर टाकल्यास पक्षी व कासवे त्यात अडकतात. ग्राफाइटची काठी विजेची वाहक असल्याने गडगडाट ऐकू येताच काठ सोडावा. दक्षिणेकडील राज्यांत विषारी कॉटनमाउथ साप व मगरकुलातील ॲलिगेटर काठालगत आढळतात.

विक्रम व अन्य देशांतील स्थिती

जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियात १०.०९ किलोचा लार्जमाउथ पकडला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी १०.१२ किलोचा मासा पकडला. नवा विक्रम किमान दोन औंसांनी मोठा असावा लागत असल्याने दोन्ही नोंदी बरोबरीच्या मानल्या जातात.

बिवा सरोवरातील बास हा मात्र बाहेरून आलेला मासा आहे. जपानमध्ये तो १९२५ मध्ये आशी सरोवरात प्रथम सोडला गेला. पुढे स्थानिक माशांची हानी होऊ लागल्याने त्याची गणना उपद्रवी परकीय जातींत झाली. ज्या शिगा प्रांतात बिवा सरोवर आहे, तेथे पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास २००३ पासून मनाई आहे. ग्वाटेमालातील अतित्लान सरोवरात १९६० च्या सुमारास सोडलेल्या बासने तेथील मासे व खेकडे कमी केले. केवळ त्याच सरोवरात राहणारी पाणडुबीची एक जाती नामशेष होण्याच्या कारणांत त्याचा समावेश केला जातो. त्यामुळे मासा जिवंत सोडणे ही त्याच्या मूळ प्रदेशात चांगली प्रथा असली, तरी इतरत्र ती हानिकारक व बेकायदेशीरही ठरू शकते. एका तळ्यातील बास दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडणे हे अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी परवानगीविना निषिद्ध आहे.