'करावे'च्या पोटातला कर्मणी

वर्धा असो की हिंगणघाट, सरकारी फलकावर 'अर्ज सादर करण्यात यावेत' ही ओळ ठरलेली. तिच्यामागे इंग्रजीतले 'टु बी सबमिटेड' उभे असावे. काम पुढे व्हायचे आहे, ते बंधनकारक आहे आणि करणारा मात्र पडद्याआड, एवढे सारे इंग्रजीला तीन शब्द जोडून सांगावे लागते. मराठीला ते एका प्रत्ययात वारशाने मिळाले आहे.

संस्कृतात 'कर्तव्य' म्हणजे जे केले जायला हवे ते. यातला 'तव्य' प्राकृतात 'अव्व' झाला आणि त्यातून आपले 'आवा-आवी-आवे' आले. 'तेन पत्रिका लेखितव्या' आणि 'त्याने चिठ्ठी लिहावी' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. कर्ता दोन्हीकडे तृतीयेत, क्रियापद दोन्हीकडे चिठ्ठीच्या लिंगाने चालते. म्हणजे 'लिहावी' जन्मतःच कर्मणी! वऱ्हाडीतले 'म्या' हेही तृतीयेतल्या 'मया'चेच रूप दिसते. 'मले जाचं हाय' यातले 'जाचं' हे 'जावयाचे'चे झिजलेले रूप, आणि 'मले जा लागते' म्हणताना 'जावे'तला 'वे' गळून गेला असावा. प्रत्यय गेला तरी सक्ती शाबूत राहिली, ती 'लागते'ने उचलली.

कर्मणीचा दुसरा धागा याहून मौजेचा आहे. संस्कृतातला कर्मणीचा 'य' प्राकृतात 'इज्ज' झाला आणि जुन्या मराठीत 'इजे'. त्यातून 'म्हणिजे', म्हणजे 'म्हटले जाते', आणि 'पाहिजे', म्हणजे 'पाहिले जाते'. जे पाहिले जाते, शोधले जाते, ते हवेसे होते. मग ते आवश्यकच ठरते. गुजराती 'जोईए'ही 'जोवुं', म्हणजे पाहणे, यातूनच निघाला आहे. शेजारणी एकाच वाटेने गेलेल्या दिसतात. कित्येक शिवकालीन आणि पेशवाई हुकूमपत्रे 'जाणिजे' म्हणून संपतात, तोही याच घराण्यातला. फारसी फर्मानांच्या वळणावर चाललेल्या त्या दरबारी लेखनात हुकुमाचा शेवट असा देशी कर्मणीने व्हावा, हे मला फार आवडते.

पहिल्या धाग्यातल्या 'कर्तव्य'सारखाच लॅटिनमधला 'अजेंडा'ही मुळात 'करावयाच्या गोष्टी'च. ग्रामसभेच्या कार्यसूचीतले 'कार्य' हे 'कर्तव्य'चेच सख्खे भावंड, 'करणीय' तिसरे.

आता पुन्हा फलकाकडे. 'यावेत' यात 'आवे' आधीच आहे. त्याच्याआधी 'करण्यात' जोडल्याने कर्मणीवर कर्मणी चढतो आणि कोणी करायचे ते हरवते. 'अर्जदाराने ३० तारखेपर्यंत अर्ज सादर करावा' यात काम, मुदत, बंधन आणि कर्ता सगळे आले. मसुदे लिहिणाऱ्यांनी 'करण्यात यावे' सोडून 'करावे' धरावे.